काट्यामागचे पेट्रोल : वऱ्हाडातील जुन्या मोटारी आणि गळक्या इंधनमापकाची दुरुस्ती

जुन्या मोटारीच्या जतनाची चर्चा निघाली की इंजिन, रंगकाम, टपाचे कापड आणि चाकांच्या तारा यांविषयी भरभरून बोलले जाते. टाकीत पेट्रोल किती उरले हे दाखवणाऱ्या मापकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तरीही ज्या मोटारींत हा मापक थेट टाकीच्या भिंतीत बसवलेला असतो, त्यांत त्याची गळती ही केवळ गैरसोय नसून सरळ आगीचा धोका असतो, कारण गळणारे पेट्रोल चालकाच्या गुडघ्यांवर आणि विजेच्या तारांवर उतरते. वऱ्हाडासारख्या कोरड्या, तप्त प्रदेशात हा धोका अधिकच वाढतो. त्यातच गेल्या काही वर्षांत पेट्रोलची घडण बदलल्यामुळे पिढ्यानपिढ्या चालत आलेले दुरुस्तीचे काही उपाय आता निरुपयोगी ठरत आहेत. जुन्या यंत्राची मूळ रचना जपायची असेल, तर गळती अडवणारे पदार्थ आजच्या इंधनाला साजेसे निवडावे लागतील, हे या छोट्या भागाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

कापसाच्या मुलखात मोटार

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीतील कापसाला मोठी मागणी आली. रेल्वे, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या आणि जमीनदारांची मोठी घरे या सर्वांमुळे अकोला, अमरावती आणि खामगाव या गावांना व्यापारी पेठांचे रूप मिळाले. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ या दोन दिशांना जाणारी, पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली अरुंद रूळमार्गाची रेल्वे हीसुद्धा याच कापूस व्यापाराचे अपत्य होती. जिनिंगच्या कारखान्यांतील वाफेची इंजिने आणि दाबयंत्रे चालू ठेवायची तर फिटर आणि लेथवर काम करणारे कारागीर हाताशी असावे लागत. मोटारी आल्यानंतर ज्यांना मोटारमिस्त्री म्हटले गेले त्यांच्या कामाची पूर्वतयारी या यंत्रसंस्कृतीत झाली होती.

भारतात मोटारींची जुळणी करण्याचा उद्योग १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. फोर्डच्या कॅनडातील कंपनीने १९२६ मध्ये आपली भारतीय उपकंपनी स्थापन केली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादनाचा आग्रह धरणारे औद्योगिक धोरण आले आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या दोन्ही कंपन्यांनी इथले काम थांबवले. दरम्यान वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना आणि महिंद्रांची जीप यांनी पुढच्या काळाची पायाभरणी केली. त्यामुळे वऱ्हाडातील जुन्या मोटारींचा विचार करताना तीन पिढ्या नजरेसमोर ठेवाव्या लागतात : दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या अमेरिकी आणि ब्रिटिश मोटारी, युद्धोत्तर जीप, आणि कुर्ल्याची फियाट किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर. या मोटारींत इंधनमापकाची रचना एकसारखी नसल्याने गळतीचे स्वरूप आणि तिच्यावरचा इलाजही वेगवेगळा आहे.

मापकाचे चार प्रकार

अगदी सुरुवातीच्या मोटारींना मापक नव्हताच. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची टाकी बहुतेक काळ पुढच्या आसनाखाली असे आणि गादी उचलून टाकीत खुणांची लाकडी पट्टी बुडवली की पेट्रोलची पातळी कळत असे.

दुसरा प्रकार थेट तरंगी मापकाचा, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आलेली फोर्डची ‘मॉडेल ए’. या मोटारीची सुमारे ३८ लिटरची टाकी इंजिन आणि पुढची काच यांच्या मधोमध, म्हणजे बॉनेटच्या मागील भागात, मोटारीच्या सांगाड्याचाच एक हिस्सा म्हणून बसवलेली आहे. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असल्याने पेट्रोल केवळ गुरुत्वाने खाली उतरते आणि पंपाची गरज पडत नाही. टाकीची मागची भिंत म्हणजेच चालकासमोरचा डॅशबोर्ड असून, तिच्यात आटे असलेले एक गोल तोंड ठेवलेले आहे. त्या तोंडातून आत गेलेल्या दांडीच्या टोकाला बुचाचा तरंग, म्हणजे फ्लोट, असतो आणि तो घरातील पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकप्रमाणे पातळीबरोबर वरखाली होतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला आकड्यांची वक्र तबकडी असते, ती लहानशा काचेमागे फिरते आणि पाव, अर्धा, पाऊण अशी नोंद दाखवते. काचेच्या आतली बाजू पेट्रोलनेच ओली असते, म्हणजे चालक आणि पेट्रोल यांच्यामध्ये एक काच, दोन वॉशर आणि आट्यांचे एक कडे एवढाच अडसर असतो.

तिसरा प्रकार द्रवदाबावर चालणारा. त्यात टाकीच्या तळाशी हवेची एक पोकळी असते, वरच्या पेट्रोलच्या वजनाने तिच्यातील हवेवर दाब येतो आणि तो दाब बारीक नळीतून डॅशबोर्डवरील काचेच्या नळीतल्या लाल रंगाच्या जड द्रवाला वर ढकलतो. १९३२ ते १९३४ या काळातील फोर्ड व्ही-८ मोटारींत किंग-सीली कंपनीचा असा मापक होता. याच्या गळतीत पेट्रोल बाहेर येत नाही, तो लाल द्रव बाहेर येतो. हा द्रव विषारी असल्यामुळे त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि तो पाण्याच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे त्याच्या जागी रंगीत पाणी किंवा तेल भरल्यास नोंद साफ चुकते.

चौथा प्रकार विजेचा, जो आजही परिचयाचा आहे. टाकीतील फ्लोट विजेच्या रोधावर एक सरकता स्पर्श फिरवतो आणि त्यानुसार डॅशबोर्डवरील काटा हलतो. टाकीवरच्या या भागाला मिस्त्री ‘युनिट’ म्हणतात आणि गळती होते ती त्याच्या बुडाशी असलेल्या पॅकिंगमधून.

गळती केव्हा दिसते

‘मॉडेल ए’च्या मापकाचे तोंड टाकीच्या मागच्या भिंतीत साधारण मध्यावर असल्यामुळे गळतीचे निदान करताना पातळीचा विचार आधी करावा लागतो. टाकी भरलेली असताना मापकातून थेंब पडत असतील आणि पेट्रोल अर्ध्याखाली गेल्यावर ते थांबत असतील, तर दोष मापकाच्या सांध्यातच आहे असे मानता येते. पातळी खाली गेल्यावरही गळती सुरू राहिली, तर टाकीची शिवण किंवा तळाशी असलेली पेट्रोलची तोटी तपासावी. अकोला ते अमरावती हा मार्ग जवळपास सपाट असल्याने त्यावर कोरडा राहिलेला मापक परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पाझरू शकतो, कारण चढावर मोटारीचे नाक वर होते, टाकीतील पेट्रोल मागच्या भिंतीकडे सरकते आणि अर्ध्या टाकीतही मापकाचे तोंड बुडते. म्हणून सपाट रस्त्यावरची चाचणी पुरेशी समजू नये.

दुसरे कारण उन्हाचे. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नित्याचे आहे, आणि ‘मॉडेल ए’च्या टाकीचा वरचा पत्रा हाच मोटारीचा बाह्य पत्रा असल्याने त्याच्यावर ऊन थेट पडते. पेट्रोल दर अंशाला सुमारे एक दशांश टक्का प्रसरण पावते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून तुलनेने गार पेट्रोल घेऊन ३८ लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि ती उन्हात २० अंशांनी तापली, तर जवळजवळ पाऊण लिटर पेट्रोलला जागा उरत नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र धुळीने किंवा रंगाच्या थराने बुजले असेल, तर आत वाढलेला दाब सर्वांत कमकुवत सांध्यातून वाट काढतो, आणि तो सांधा बहुधा मापकाचाच असतो. त्यामुळे मापकाला हात लावण्यापूर्वी झाकणाचे छिद्र मोकळे आहे की नाही ते पाहावे आणि उन्हाळ्यात टाकी पाऊण भागापेक्षा अधिक भरू नये, या दोन गोष्टी कोणत्याही हत्याराशिवाय करता येतात.

बूच, लाख आणि इथेनॉल

पोर्तुगाल आणि भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल म्हणजे बूच. तिच्यातील सूक्ष्म बंद पेशींत हवा असल्याने ती हलकी, दाबली जाणारी आणि द्रव सहसा आत न घेणारी असते, म्हणून फ्लोट आणि वॉशर या दोन्ही कामांसाठी त्या काळी बूच वापरले जाई. परंतु बूच सुकले की आकसते. काळ्या मातीच्या रस्त्यांमुळे पूर्वी पावसाळ्यात मोटारी घरीच उभ्या राहत आणि आज जुन्या मोटारी एरवीही क्वचितच बाहेर निघतात. रिकाम्या टाकीने महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मोटारीतील वॉशर वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हाळ्यात कडक होऊन भेगाळतो आणि पुढच्या वेळी पेट्रोल भरताच सांधा पाझरू लागतो.

बुचाच्या फ्लोटवर पेट्रोल शोषले जाऊ नये म्हणून शेलॅकचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, लेप देण्याची पद्धत होती. लाख हा पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांनी स्रवलेला राळेसारखा पदार्थ असून फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर तिला चपडा लाख म्हणतात. ती पेट्रोलमध्ये विरघळत नाही, मात्र स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, सहज विरघळते, आणि तिचे पॉलिश तयार होते ते याच गुणामुळे. आजच्या अडचणीचे मूळ नेमके इथे आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरू झाला, २०२२ च्या जूनमध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हे अल्कोहोलच असल्याने फ्लोटवरचा लाखेचा लेप मऊ पडून सुटू लागतो, बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि टाकी भरलेली असतानाही मापक कमी नोंद दाखवतो. सुटलेली लाख पुढे कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटून बसते ती निराळीच.

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत पॅकिंगला लावण्यासाठी मिळणारे शेलॅक हा मिस्त्रींचा वर्षानुवर्षांचा विश्वासू उपाय होता. शुद्ध पेट्रोलच्या काळात तो योग्यही होता. इथेनॉलयुक्त पेट्रोलच्या सांध्यावर मात्र हेच शेलॅक काही दिवसांत सुटते आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात निर्दोष असूनही काम फसते. गळक्या टाकीच्या भेगेत कपडे धुण्याचा साबण घासून भरण्याचा रस्त्यावरचा जुना उपायही घरी पोहोचण्यापुरताच खरा, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसला तरी इथेनॉल आणि त्याने ओढून घेतलेले पाणी त्याला टिकू देत नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि नैसर्गिक रबर मऊ होऊन पसरते. या जागी फ्लोरोकार्बन रबर, जे बाजारात ‘व्हायटॉन’ या नावाने मागितले जाते, त्याचे वॉशर वापरणे सर्वांत सुरक्षित आहे. फ्लोटसाठी बंद छिद्रांच्या नायट्राइल फोमचा तुकडा त्याच आकाराचा कापून बसवता येतो.

दुरुस्तीचा क्रम

या दुरुस्तीत कौशल्यापेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. ‘मॉडेल ए’च्या ज्या पट्टीवर मापक आहे त्याच पट्टीवर विजेचा प्रवाह दाखवणारा अँमीटर आणि इग्निशनची चावी आहे, आणि अँमीटरच्या टोकांत बॅटरीचा प्रवाह सतत असतो. म्हणून पहिले काम बॅटरीची तार सोडण्याचे. या मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या मोटारींच्या नेमके उलटे, हे ध्यानात न ठेवल्यास परत जोडताना घोटाळा होतो.

दुसरे काम जागेच्या निवडीचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि मोटारीखालच्या खड्ड्यात साचून राहते, त्यामुळे हे काम खड्ड्यावर कधीच करू नये. वऱ्हाडातील अनेक कार्यशाळांत उन्हाळ्यात कूलर चालू असतो आणि त्याच्या मोटारीची किंवा बटणाची ठिणगी वाफेला पुरेशी ठरते; त्यामुळे काम सकाळच्या गारव्यात, मोकळ्या जागेत, कूलर आणि हातदिवा बंद ठेवून करणे हा नियमच असायला हवा. पेट्रोल तळाच्या तोटीतून धातूच्या झाकणदार डब्यात काढावे. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज चुकीचा आहे. तिच्यात वाफ आणि हवा यांचे जे मिश्रण उरते, ते भरलेल्या टाकीपेक्षाही लवकर पेट घेते.

यानंतर पट्टीचे स्क्रू काढून ती तारांसह अलगद पुढे घ्यावी. मापकाच्या कड्यावर दोन खाचा असतात आणि त्यांत बसणारा दोन दात्यांचा पाना मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो. छिन्नी आणि हातोडीने कडे फिरवण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्यात खाचा मोडतात, आटे बिघडतात आणि टाकीचे तोंडच निकामी होते. कडे निघाल्यावर काच, वॉशर आणि शेवटी दांडीसह फ्लोट बाहेर येतो. तोंडाच्या कडेवर जुन्या वॉशरचा जळका थर असतो, तो तारेच्या ब्रशऐवजी लाकडी पट्टीने खरवडावा, म्हणजे ठिणगी पडत नाही आणि बैठकीवर ओरखडेही उठत नाहीत. वॉशर बसतो ती बैठक सपाट नसेल, तर कितीही उत्तम वॉशर गळती थांबवू शकत नाही, आणि पुन्हा पुन्हा फसणाऱ्या दुरुस्त्यांचे कारण बहुधा याच ठिकाणी सापडते.

परत बसवताना दांडी टाकीत कोठेही न अडता फिरते का ते पाहावे, काचेच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर द्यावेत आणि कडे हाताने शक्य तितके बसल्यावर पान्याने थोडेच आवळावे, कारण जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, काच मात्र तडकते. चाचणीसाठी सांधा पुसून कोरडा करावा, त्यावर खडूची पूड लावावी आणि पाच-पाच लिटर पेट्रोल भरत जावे. पूड जिथे ओली होऊन गडद दिसेल तिथे पाझर आहे. भरलेल्या प्रत्येक टप्प्याला मापकाचा आकडा टिपून ठेवल्यास नव्या फ्लोटची नोंद खरी आहे की नाही तेही त्याच वेळी कळते. कंप्रेसरची दाबाची हवा टाकीत सोडून चाचणी घेऊ नये. जुन्या टाकीच्या शिवणी त्यासाठी घडवलेल्याच नाहीत.

जीपचे युनिट आणि पितळी फ्लोट

युद्धोत्तर जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि विजेचे युनिट तिच्या वरच्या पत्र्यावर पाच स्क्रूंनी बसवलेले असते. ही पाच छिद्रे मुद्दाम समान अंतरावर ठेवलेली नाहीत, त्यामुळे युनिट एकाच दिशेने बसते. पॅकिंग हाताने कापणाऱ्याने ते युनिटवर ठेवूनच छिद्रे आखली पाहिजेत. स्क्रूंची छिद्रे थेट टाकीत उघडत असल्यास पॅकिंग उत्तम असूनही पेट्रोल आट्यांतून वर येते, तेव्हा प्रत्येक स्क्रूखाली तांब्याचा वॉशर द्यावा. याउलट लेप अति लावला तर युनिटचा सांगाड्याशी असलेला विद्युत संपर्क, म्हणजे अर्थिंग, तुटतो आणि गळती थांबली तरी काटा भलतेच दाखवू लागतो.

या युनिटचा फ्लोट अनेकदा पितळी असतो. तो गळका झाला की आत पेट्रोल शिरते आणि काटा कायम शून्याकडे झुकतो. फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतली हवा प्रसरण पावून बुडबुडे नेमके भेगेतून येतात. तिथे लगेच डाख, म्हणजे सोल्डर, दिला तर आत राहिलेल्या पेट्रोलची वाफ होऊन फ्लोट फुटू शकतो. म्हणून आधी एक बारीक छिद्र पाडून आतले पेट्रोल पूर्ण काढावे, भेगेला डाख द्यावा, फ्लोट निवू द्यावा आणि मग ते छिद्र अखेरीस एका थेंबाने बंद करावे. डाख जितका कमी तितके चांगले, कारण वाढलेले वजन नोंदीत उतरते.

मूळ स्वरूप म्हणजे काय

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापरातील, आणि सांगाडा, बाह्य देह किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने या नियमांनुसार व्हिंटेज ठरतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे वैध राहते. रस्त्यावर ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच आणता येतात.

मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे काही संग्राहक बुचाच्या वॉशरऐवजी दुसरे काही लावण्यास तयार नसतात, तर काही मालक गळतीला कंटाळून मापकाचे तोंडच पत्र्याने बंद करून टाकतात. ही दोन्ही टोके टाळायला हवीत. काचेमागे फिरणारी तबकडी, तिची दांडी, टाकीचे तोंड आणि गुरुत्वाने उतरणारे पेट्रोल ही त्या मोटारीची अभियांत्रिकी आहे आणि ती जपलीच पाहिजे. काचेच्या कडेला दडलेला वॉशर हा मुळातच झिजून बदलला जाणारा भाग आहे आणि त्याने आजच्या पेट्रोलला तोंड दिलेच पाहिजे. तो बदलल्याने इतिहासाला बाधा येत नाही, उलट मोटार चालती राहते आणि तिचे तंत्र पुढच्या पिढीला पाहता येते.

वऱ्हाडात हे काम करू शकणारे हात आहेत, लेथ आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. आवश्यकता आहे ती अनुभव तपासून लिहून ठेवण्याची. कोणत्याही कार्यशाळेला परवडेल असा एक प्रयोग यासाठी पुरेसा आहे : पॅकिंगच्या प्रत्येक पदार्थाचा एकसारखा तुकडा कापावा, त्याची जाडी मोजून तो आपल्याच पंपावरच्या पेट्रोलने भरलेल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकावा, बरणी उन्हापासून आणि ज्वाळेपासून दूर ठेवावी, आणि महिन्याने जाडी पुन्हा मोजून नोंद करावी. जो तुकडा फुगला, मऊ पडला किंवा विरघळला तो मापकात जाणार नाही; जो जसाच्या तसा राहिला त्याचे नाव भिंतीवरच्या फळ्यावर लिहावे. दिवाळीनंतर रस्ते कोरडे होतात आणि वऱ्हाडातील जुन्या मोटारी बाहेर काढण्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी प्रत्येक मालकाने काट्यामागचा वॉशर कशाचा आहे, हा प्रश्न आपल्या मिस्त्रीला विचारावा आणि मिस्त्रीने त्याचे उत्तर अशा नोंदीच्या आधारे द्यावे.